बँड तोच, पण आवाज तो नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच दुःख पुन्हा पुन्हा दिसलं. ज्या बँडवर वर्षानुवर्षं जीव लावला, त्याने आपला ओळखीचा बाज सोडला. असं वाटणं खोटं नाही आणि क्षुल्लक तर अजिबात नाही. म्हणून यंदाचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : माझ्या आवडत्या बँडच्या गेल्या दोन अल्बममध्ये गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, सगळीकडे सिंथेसायझर. नवी गाणी वाईट आहेत असं म्हणवत नाही, पण 'हे ते नव्हेत' ही रुखरुख जात नाही. माझे कान जुने झालेत की खरंच काही हरवलंय? ठरवायचं कसं?

उत्तर : ठरवता येतं, फक्त थोडी बैठक मारावी लागते. बँडचा आवाज अनेक गोष्टींचा मिळून बनतो : वाद्यं आणि त्यांचं ट्यूनिंग, वाजवणारे हात, गायकाची पट्टी, ड्रम कुठल्या खोलीत आणि माइक किती जवळ ठेवून रेकॉर्ड केले, मिक्समध्ये कोण पुढे नि कोण मागे, आणि सगळ्यात शेवटी मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सच्या समतोलावर आणि पातळीवर फिरवलेला शेवटचा हात. यातली एखादीच गोष्ट हलली तरी कानाला सगळंच परकं वाटतं. म्हणून आधी काय हललं ते शोधायचं, मग राग कोणावर धरायचा ते पाहायचं.

जुन्यातलं एक आणि नव्यातलं एक, साधारण सारख्या लयीची दोन गाणी निवडा. दोन्ही एकाच हेडफोनवर, सारख्याच पातळीला ऐका. ही अट सोडू नका, कारण एक डेसिबलने मोठं वाजणारं गाणंसुद्धा कानाला जास्त भरदार लागतं आणि तुलना तिथेच फसते. तुमच्याकडे फाइल असतील तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही उघडा आणि 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' वापरून दोन्ही उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर सेटिंगमधलं नॉर्मलायझेशन चालू करा आणि दोन्ही गाणी एकाच प्लेलिस्टमध्ये टाका. अख्खा अल्बम ओळीने लावला की काही सेवा पातळी गाण्यागणिक न जुळवता अल्बमच्या हिशेबाने जुळवतात, त्यामुळे तो मार्ग इथे नको.

आता तीनदा ऐका. पहिल्यांदा लक्ष फक्त खाली ठेवा, बेस आणि किक ड्रमकडे. दुसऱ्यांदा मधल्या पट्ट्यात : गिटार, कीबोर्ड, गायकाचा आवाज. तिसऱ्यांदा स्नेअरचा, म्हणजे खाली तारा लावलेल्या कडक ड्रमचा, ठोका आणि त्याच्यामागे रेंगाळणारी खोली. प्रत्येक वेळी दोन ओळी लिहून काढा. नुसतं मनात ठेवलं तर तिसऱ्या फेरीत पहिली पुसली जाते.

गिटारसाठी एक खास चाचणी आहे. रॉक बँड पुष्कळदा तीच गिटार दोनदा वाजवून एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला ठेवतात. 'भिंतीसारखा' आवाज येतो तो त्यामुळे. ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक दोन मोनो ट्रॅकमध्ये फोडा, त्यातला एक 'इन्व्हर्ट' करा, म्हणजे त्याचा तरंग उलटा करा, आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं, म्हणजे बहुधा मुख्य गायन, बेस, किक, स्नेअर, एकमेकांना खोडून गायब होतं आणि उरतं ते कडांवरचं. नव्या गाण्यात इथे गिटार स्पष्ट ऐकू आली तर ती गेलेली नाही, फक्त मागे सारली आहे. नाही आली तर ती मधोमध एकटी असेल, नाहीतर खरंच नसेल. गायकाचा पुसट प्रतिध्वनी उरला तर गोंधळू नका, रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) स्टिरिओ असल्यामुळे तो खोडला जात नाही. एमपी३सारख्या दाबलेल्या फाइलवर उरलेला आवाज बुडबुड्यासारखा येतो, तो दोष फाइलचा.

एवढं केल्यावर निराशा नेमकी होते. क्वीनचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या कित्येक अल्बमांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' अशी नोंद असे आणि चाहत्यांना त्याचा अभिमान होता. तो वाद्यवृंदासारखा आवाज ब्रायन मे यांच्या घरी बनवलेल्या गिटारचा, प्लेक्ट्रमऐवजी वापरलेल्या सहा पेन्सच्या नाण्याचा, ट्रेबल बूस्टरचा, व्हॉक्स एसी-३० अँपचा आणि थरावर थर रेकॉर्ड करण्याच्या चिकाटीचा होता. १९८० च्या 'द गेम'मध्ये ओबरहाइम सिंथेसायझर आला आणि अनेकांना धक्का बसला. पण चौघे तेच होते, गिटार तीच होती आणि एकावर एक रचलेली गायनाची स्वरसंगतीही टिकली होती. भर पडली, कणा शाबूत राहिला.

फ्लीटवूड मॅकची गोष्ट अगदी उलट. १९६७ साली तो पीटर ग्रीन यांचा ब्लूज बँड होता. १९७० साली ग्रीन बँड सोडून गेले, आणि १९७५ च्या अल्बमात लिंडसे बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स आले. ड्रमर आणि बेसवादक, ज्यांच्या आडनावांवरून बँडचं नाव पडलं, ते दोघे १९६७ पासूनचे. तरीही गाणी कोण लिहितं, कोण गातं आणि गिटार कोण वाजवतं हे बदललं की ठेका तोच राहूनही बँड निराळा होतो. अशा ठिकाणी 'हे ते नव्हेत' असं म्हणणारा श्रोता चूक नसतो. त्याने फक्त जुन्या बँडला जुन्या नावाने आणि नव्याला नवा बँड म्हणून ऐकावं, दोन्ही चांगले असू शकतात.

आणि थोडा वेळ द्या. रेडिओहेडच्या १९९७ च्या 'ओके कंप्युटर'नंतर २०००मध्ये 'किड ए' आला तेव्हा गिटार शोधणारे कित्येक जण भांबावले. आज तो अल्बम त्यांच्या सर्वोत्तम कामांत धरला जातो. वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा ऐका, त्यातही एकदा दुसरं काहीही न करता. त्यानंतरही मन लागलं नाही तर तो तुमचा निकाल, आणि तो मान्य करायला कोणाची परवानगी नको.

प्रश्न : चाहत्यांच्या पैशांवर मोठं व्हायचं आणि मग वेगळंच काही विकायचं, ही फसवणूक नाही का?

उत्तर : हा प्रश्न एकदा खरोखर कोर्टाच्या पायरीपर्यंत गेला होता, आणि तोही चाहत्यांकडून नव्हे. १९८३ साली गेफन रेकॉर्ड्सने आपल्याच कलाकारावर, नील यंग यांच्यावर, दावा लावला. त्यांनी दिलेलं संगीत व्यापारी नाही आणि त्यांच्या नेहमीच्या बाजाचं नाही, अशी तक्रार होती. आधीच्या अल्बमात यंग यांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि व्होकोडरमधून (गळ्याचा आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण) काढलेला आवाज वापरला होता, पुढच्यात पन्नाशीच्या दशकातलं रॉक अँड रोल. प्रकरण पुढे मिटलं. करार हातात असलेल्या कंपनीलाही जे साधलं नाही, ते श्रोत्याला हक्काने मागता येणार नाही. विकत न घेणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि पहिल्याच दिवशी पैसे न टाकता आधी दोन-तीन गाणी ऐकून घेण्यात बँडशी बेइमानी काही नाही.

प्रश्न : नवा अल्बम सोडाच, जुनाच अल्बम आता वेगळा वाजतो! स्ट्रीमिंगवर लावला की ड्रम निराळे वाटतात. भास होतोय का?

उत्तर : भास असेलच असं नाही. असं खरंच घडतं, आणि याबद्दल श्रोत्याला कोणी सांगत नाही याचा आम्हाला राग आहे.

जुना अल्बम पुन्हा काढताना तीन निरनिराळ्या गोष्टी होऊ शकतात. रिमास्टरमध्ये तयार मिक्स तसाच ठेवून त्याचा समतोल आणि पातळी बदलतात. रिमिक्समध्ये मूळ मल्टिट्रॅक टेपवरून प्रत्येक वाद्य नव्याने मांडतात. आणि तिसऱ्या प्रकारात काही भाग चक्क नव्याने वाजवून घेतात. झीझी टॉपचे सुरुवातीचे अल्बम १९८७ साली सीडीवर आले तेव्हा त्यांचं रिमिक्स केलं होतं आणि ड्रमवर त्या काळच्या फॅशनचा डिजिटल थाट चढवला होता. सत्तरच्या दशकातला तो कोरडा, धुळकट आवाज त्यात हरवला. बरीच वर्षं सीडीवर ऐकणाऱ्यांना हीच आवृत्ती मूळ वाटत होती. ऑझी ऑसबर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमांचं तर २००२ मध्ये आणखी पुढे गेलं : मूळ बेस आणि ड्रम काढून दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणलं गेलं.

तुमच्या अल्बमचं काय झालं ते असं तपासा. आधी गाण्याची लांबी पाहा. जुन्या सीडीपेक्षा दोन-चार सेकंदांचा फरक असेल, किंवा शेवटी आवाज विरत जातो ती जागा वेगळी असेल, तर रिमिक्सचा संशय घ्या. मग अल्बमच्या माहितीत ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं वर्ष पाहा, वर्तुळातल्या 'पी' या खुणेपुढे ते असतं. तिथे मूळ सालाऐवजी बरंच पुढचं साल दिसलं तर आवृत्ती नवी आहे.

पक्की खात्री हवी असेल तर दोन्ही आवृत्त्यांच्या फाइल ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा, पहिला ठोका नेमका जुळवा, पातळी सारखी करा आणि एक इन्व्हर्ट करून एकत्र वाजवा. नुसतं रिमास्टर असेल तर बरंचसं खोडलं जाऊन पातळ, टोकेरी असं काही उरतं. रिमिक्स असेल तर गायन किंवा ड्रम ढळढळीत उभे राहतात. चाचणी फसते ती जुळवणीत : एक मिलिसेकंद म्हणजे सीडीच्या हिशेबाने ४४ नमुने (आवाजाच्या एकेक डिजिटल नोंदी), आणि तेवढी चूकही वरचे स्वर खोडू देत नाही. शिवाय टेप दोनदा वेगवेगळ्या यंत्रांवर फिरलेली असली तर वेग किंचित निराळा पडतो आणि काही सेकंदांत जुळणी सुटते. अशा वेळी अख्खं गाणं धरू नका, पाच सेकंदांचा तुकडा घ्या.

मूळ आवाज हवा असेल तर सगळ्यात पहिली सीडी किंवा रेकॉर्ड शोधायची. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या संकेतस्थळावर आवृत्तीगणिक कॅटलॉग क्रमांक आणि सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला मजकूर नोंदलेला असतो, विकणाऱ्याकडून त्या भागाचा फोटो मागवून ताडून पाहा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडी 'प्री-एम्फसिस' देऊन बनवल्या होत्या, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम उचललेले, आणि प्लेअरने ते परत खाली आणायचे. अशी सीडी कंप्युटरवर उतरवताना ती दुरुस्ती झाली नाही तर झांजा आणि 'स'कार कानात टोचतात. सीडी वाईट आहे असं समजून ती विकून टाकू नका, उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये डी-एम्फसिसची सोय शोधा.

प्रश्न : नवा अल्बम दोन-तीन गाण्यांनंतर डोकं उठवतो. जुना तासभर ऐकला तरी थकवा येत नाही. बँडच कर्कश झाला का?

उत्तर : बँडला बोल लावण्याआधी मास्टरिंग पाहा. स्नेअरचा ठोका हा सरासरी आवाजाच्या बराच वर उसळी मारतो. ती उसळी लिमिटरने कापली की बाकी सगळं वर आणता येतं आणि गाणं मोठं वाजतं. जुन्या सीडींवर सरासरी आणि शिखर यांत १४ ते १६ डेसिबलचं अंतर सहज असे. फार दाबलेल्या अल्बमात ते ६-७ वर येतं. मग कडवं आणि ध्रुवपद सारख्याच जोराने येतात, कानाला विसावा मिळत नाही आणि ड्रम पुठ्ठ्यावर वाजल्यासारखे लागतात.

मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळातही आली होती आणि तिथे ती एवढी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तेव्हा वादन तेच, पण खेळातले ड्रम मोकळे आणि सीडीवरचे चिरडलेले, हे कोणालाही ऐकू येत होतं.

घरी पाहायचं तर फाइल ऑडॅसिटीत उघडून 'शो क्लिपिंग' चालू करा. लाल रेघा दाटीने आल्या तर एका रेघेवर झूम करत जा, एकेक नमुना टिंबासारखा दिसेपर्यंत. टेकडीचा माथा गोल असेल तर ठीक. पाच-सहा टिंबं एका सपाट ओळीत बसली असतील तर माथा छाटला गेला आहे. छाटलेला माथा आवाज कमी करून परत येत नाही आणि नॉर्मलायझेशननेही येत नाही. स्ट्रीमिंग सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतात, त्यामुळे दाबलेलं गाणं आता मोठंसुद्धा वाजत नाही, फक्त सपाट वाजतं. सगळं गमावून हाती काही नाही, असा हा व्यवहार आहे.

उपाय म्हणजे वेगळं मास्टरिंग शोधणं : नंतरची डिजिटल आवृत्ती किंवा व्हायनल. पण व्हायनल म्हटलं की मोकळं, असं धरून चालू नका. पुष्कळ रेकॉर्ड त्याच दाबलेल्या फाइलवरून कापतात. व्हायनलवरून उतरवलेल्या फाइलचा डायनॅमिक रेंजचा (बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर) आकडा चांगला दिसला तरी त्यावर विसंबू नका, कारण कापण्याच्या आणि सुईने वाचण्याच्या प्रक्रियेत शिखरांचा आकार बदलतो आणि मीटर त्याला मोकळेपणा समजतो.

प्रश्न : मी ड्रम वाजवते. आमच्या लाडक्या बँडच्या एका अल्बमपासून स्नेअर अचानक डब्यासारखा वाजायला लागला. हे कसं करतात? आणि ऐंशीच्या दशकातला तो मोठ्ठा, पण एकदम तुटणारा ड्रम कसा काढायचा?

उत्तर : डब्यासारखा आवाज बहुतेक वेळा स्नेअरच्या तारा सोडल्यामुळे येतो. ड्रमच्या बाजूला तरफ असते. ती खाली केली की खालच्या कातड्यावरच्या तारा सैल पडतात, 'च्छ' नाहीसा होतो आणि उरतो तो कवचाचा घुमणारा 'टँग'. मेटॅलिकाच्या २००३ च्या 'सेंट अँगर'वर हेच आहे, आणि त्या अल्बमात गिटारचे सोलोही नव्हते. म्हणजे ओळखीच्या दोन खुणा एकदम गेल्या. एक गेली असती तर एवढा गदारोळ झाला नसता, असं आमचं मत आहे.

तुमच्या स्वतःच्या स्नेअरवर नको असताना असा आवाज येत असेल तर आधी तरफ, मग तारांचा ताण, मग तारा बांधणारी पट्टी किंवा दोरी सरकली आहे का ते पाहा. तरीही घुमत असेल तर वरच्या कातड्याचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, एका वेळी पाव फेरा फिरवत सारखे करा आणि कडेजवळ घुमणं दाबणाऱ्या चिकट जेलचा एक छोटा तुकडा चिकटवा. दोन-तीन लावले की ठोका मरतो.

ऐंशीचा तो ड्रम म्हणजे गेटेड रिव्हर्ब. पीटर गेब्रिएल यांच्या १९८० च्या तिसऱ्या अल्बमावर काम चालू असताना ड्रमवर फिल कॉलिन्स होते आणि इंजिनियर ह्यू पॅजम. एसएसएल कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या टेबलात, वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी एक माइक असतो, त्यावर जबरदस्त कंप्रेसर, म्हणजे मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर दाबणारं साधन, बसवलेला होता. त्यातून ड्रम ऐकू आले आणि तो आवाज पुढे नॉइज गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या साधनाने, तोडला.

आज कंप्युटरवर करताना स्नेअर एका वेगळ्या चॅनेलवरच्या रिव्हर्बला पाठवा, रिव्हर्बची लांबी दीड ते दोन सेकंद ठेवा, त्याच्यामागे कंप्रेसर आणि शेवटी गेट. गेटची किल्ली, म्हणजे साइडचेन, कोऱ्या स्नेअरला द्या. रिव्हर्बच्याच आवाजावर गेट चालवला तर तो वेड्यावाकड्या जागी बंद होतो. होल्ड, म्हणजे गेट उघडा राहण्याचा वेळ, २०० ते ३०० मिलिसेकंद. मिनिटाला १२० ठोके असतील तर अर्धा ठोका बरोबर २५० मिलिसेकंदांचा, तिथून सुरुवात करा. रिलीज, म्हणजे बंद होण्याचा वेळ, ३० ते ५०. रिलीज अगदी शून्याजवळ नेला तर बंद होताना टिकटिक येते. थ्रेशोल्ड, म्हणजे गेट उघडणारी पातळी, फार वर असेल तर हलके ठोके रिव्हर्बशिवाय कोरडे पडतात आणि वादन दोन वेगळ्या ड्रमवर वाजल्यासारखं लागतं. आणि झांजा या चॅनेलला पाठवू नका, प्रत्येक ठोक्याला त्या कापल्या जातात आणि गाणं उचक्या देत चाललंय असं वाटतं.

प्रश्न : कार्यक्रमांत बँड जुनी गाणी खालच्या पट्टीत वाजवू लागलाय. जीव वाटत नाही त्यात. घरी त्यांच्यासोबत गिटार वाजवायची तर काय करावं?

उत्तर : वयानुसार गायकाचे वरचे स्वर अवघड होत जातात. रोज रात्री ताणून गळा फोडण्यापेक्षा अर्धा-एक सूर खाली येणं शहाणपणाचं आहे, आणि त्याबद्दल गायकाला दोष देऊ नये. मात्र खाली कसं यायचं यात फरक पडतो. सगळ्या तारा खाली उतरवल्या तर बोटांच्या जागा त्याच राहतात आणि मोकळ्या तारांची गुंज टिकते. तारा तशाच ठेवून दुसऱ्या घरांत वाजवलं तर मोकळ्या तारा हातातून जातात आणि ओळखीची रिफ बोथट होते. तुम्हाला 'जीव नाही' वाटतो तो यामुळे आहे का, ते कार्यक्रमाच्या चित्रणात गिटारवादकाच्या डाव्या हाताकडे पाहून कळेल.

खाली उतरणं म्हणजे पडती बाजू असंही नाही. ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. सैल तारा दाबायला सोप्या म्हणून १९७१ च्या अल्बमात ते दीड सूर खाली, सी शार्पवर गेले, आणि त्या जड आवाजातून पुढचं अख्खं हेवी मेटल शिकलं.

घरी : सर्वांत जाड ई तार ८२.४ हर्ट्झची असते. अर्धा सूर खाली ७७.८, एक सूर खाली ७३.४, दीड सूर खाली ६९.३. तारेचा ताण अनुक्रमे सुमारे ११, २१ आणि २९ टक्क्यांनी कमी होतो. अर्ध्या सुराला १०-४६ चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) चालतो. एका सुराला ११-५२ आणि दीड सुराला १२-५४ घेतला की हाताला ताण जवळपास पूर्वीसारखा लागतो. जाड तार मानेच्या टोकावरच्या नटच्या जुन्या खाचेत अडकते आणि सूर धक्क्याने उडी मारतो, खाच तेवढ्यापुरती रुंद करून घ्या. मग बाराव्या घरात दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे न्या. तरंगता ब्रिज असेल तर एक तार लावली की बाकीच्या हलतात, तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात.

सगळं करूनही जुन्या रेकॉर्डशी सूर जुळत नसेल तर चूक तुमची नसेल. टेपचा वेग मुद्दाम किंवा नकळत बदलल्यामुळे कित्येक गाणी दोन सुरांच्या मधोमध बसली आहेत. अशा वेळी गिटारला हात न लावता फाइलचीच पट्टी वीस-तीस सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सरकवा.

प्रश्न : आमचाच छोटा बँड आहे. दोन गिटार ही आमची ओळख. आता एक गिटार काढून कीबोर्ड आणायचा आहे. ऐकणारे तुटू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर : एका वेळी एकच खूण बदला. गिटार काढताय तर गायनाची धाटणी आणि ड्रमचा ठेका या फेरीत हलवू नका. ओपेथने २०११ च्या 'हेरिटेज'मध्ये गुरगुरणारं गायन बाजूला ठेवलं आणि त्याबरोबरच जड मेटलचा बाजही. अनेक चाहते तिथेच थांबले. ते गायन अल्बमात परतायला २०२४ उजाडलं. बँडला तो मार्ग मनापासून घ्यायचा होता आणि त्यांनी किंमत जाणून घेतला. तुम्हीही ती जाणूनच घ्या.

तांत्रिक बाजूला पहिली अडचण मधल्या पट्ट्यात येईल. दुसरी गिटार साधारण २०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ भरून काढत होती. कीबोर्डवादक ती पोकळी डाव्या हाताने भरायला जातो आणि बेसशी टक्कर होऊन सगळं गढूळ होतं. डावा हात उचलायला सांगा, कॉर्ड मधल्या सी-च्या आसपास आणि त्यावर ठेवा आणि कीबोर्डला १५० ते २०० हर्ट्झवर लो-कट (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा. दुसरी अडचण स्टेजवर कळते : कीबोर्डचे रुंद स्टिरिओ पॅड (लांब रेंगाळणारे स्वर) मोनो साउंड सिस्टिमवर गेले की दोन बाजू एकमेकांना खोडतात आणि घरी भव्य वाटणारा आवाज हॉलमध्ये गायब होतो. तालमीतच एका केबलने, मोनोमध्ये ऐका, आणि जो पॅड पातळ पडतो तो बदला.

बारा गाण्यांच्या कार्यक्रमात नवी तीनच घ्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या जागी. तिन्ही ओळीने घेतली तर लोक बाहेर जातात. जुन्या गाण्यांची सुरुवात जशीच्या तशी ठेवा. पहिले चार ठोके ओळखीचे असले की पुढे कीबोर्ड आला तरी चालतो. ज्या गाण्याची ओळखच दोन गिटारींच्या जुगलबंदीत आहे, ते कीबोर्डवर ओढूनताणून बसवू नका. जुन्या गिटारवादकाला त्या गाण्यापुरतं बोलवा, नाहीतर ते काही महिने यादीतून वगळा.